खोट्या खिडकीचा पडदा

आमच्या घराला रस्त्याकडून नऊ खिडक्या, त्यातल्या खऱ्या आठ. इंग्लंडमधल्या या बाथ शहरात खिडक्यांवर कर होता तेव्हा सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावरची नववी कुणीतरी दगडांनी बुजवली, आणि घरांच्या रांगेची शोभा जाऊ नये म्हणून दगडावर खिडकीच रंगवली. काळ्या काचा, पांढऱ्या पट्ट्या आणि अर्ध्यावर ओढलेला पिवळट पडदा. दर पाच वर्षांनी बाबा परांची बांधून तिला नवा रंग द्यायचे.

घरात कुणी गेलं की आमच्याकडे रस्त्याकडचे सगळे पडदे खाली ओढतात. बाबा गेले तेव्हा मी आठ ओढले, नववा अर्ध्यावरच राहिला. शेजारची मिसेस टकर म्हणालीसुद्धा, "एक डोळा उघडा ठेवून रडतंय गं तुमचं घर."

त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून आईचं हगणंमुतणं मी काढतेय, आणि मृत्युपत्रात घर मात्र रोलंडचं, माझ्या धाकट्या भावाचं. आई आहे तोवर मी इथे राहायचं, ती गेली की चालतं व्हायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

या मार्चमध्ये आईचं अंथरुणात उठून बसणंही बंद झालं आणि रोलंडने लगेच रंगारी लावून परांची बांधली. विकायचं घर चकचकीत नको का!

"परांची सोमवारी उतरवतील," तो फोनवर म्हणाला. "आणि आई? अजून...?"

"अजून आहे. बस वाट बघत."

मंगळवारी पाव घेऊन परतताना वर बघितलं, तर खोट्या खिडकीचा रंगवलेला पडदा चार बोटं खाली आला होता.

"बाई, मी अजून तिथवर पोचलोच नाही," रंगारी म्हणाला.

त्या दिवशी आईने सूप थुंकलं. बुधवारी पडदा आणखी चार बोटं उतरला आणि आई मला ओळखेना.

गुरुवारी रंगारी जेवायला गेला तशी मी स्कर्ट खोचून परांचीवर चढले, चौपन्नाव्या वर्षी. त्याच्याच काळ्या रंगाने पडद्याची खालची कड झाकून टाकली. खाली आले तर आई उशीला टेकून बसलेली.

"ईनिड, मेले, चहा कुठाय?"

मला रडूच फुटलं.

शुक्रवारी पडदा पुन्हा खाली. मी पुन्हा चढले. शनिवारीही तेच.

रविवारी चर्चच्या घंटा वाजत होत्या आणि मी वर उभी होते. उद्यापासून चढणार कशी? संतापाने मी पडदाच पुसून टाकला, पार दोरीसकट. उरल्या नुसत्या काळ्या काचा.

सोमवारी परांची गेली.

मंगळवारी सकाळी आई थंडगार होती. तोंडाशी आरसा धरला. वाफ धरली नाही.

मी आठही पडदे ओढले आणि रोलंडला कळवायला फोन उचलला.

वरून हाक आली. "ईनिड. चहा."

आज अकरावा दिवस. मी चहा नेते, ती पीत नाही, चहावर साय धरते. मग पुन्हा हाक. बाहेर बोचरी थंडी आहे, तरी तिच्या खोलीच्या खिडक्या मला सताड उघड्या ठेवाव्या लागतात.

रोलंडचा रोज फोन येतो. "अजून?"

"अजून," मी म्हणते.

पडदा पुन्हा रंगवून पार खालपर्यंत ओढायला पिवळट रंगाचा डबा आणून ठेवलाय. पण घरातली सगळ्यात लांब शिडी दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचते.