सापाने दाखवलेला फलाट

"उतर खाली! भिंत हलतेय!" रघद ओरडली.

स्टेशनच्या खिडकीत चढलेल्या ओबैदाने धपकन उडी मारली. "अगं, आत नायेफकाका आहे! पहारीने भिंतीखाली खणतोय. सोबत जरीर न्हावी!"

सुट्टी लागल्यापासून ही चुलत भावंडं गावाबाहेरच्या या बंद स्टेशनात खेळायला यायची. रूळ कधीच उखडले गेले होते. उरली होती फक्त दगडी इमारत.

रघद तरातरा आत गेली. "काका, भिंत अंगावर येईल तुमच्या!"

"पहिल्या महायुद्धात हरून पळताना तुर्कांनी इथेच सोनं पुरलंय," काका घाम पुसत म्हणाला. "तू जा, भातुकली खेळ!"

भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली होती.

"आजोबांना सांगू या?" ओबैदाने विचारलं.

"ते मआन शहरातून संध्याकाळी येणार. तोवर भिंत राहील का?" रघद थबकली. "हे सोनंवाले दगडावरच्या खुणा शोधतात ना? सापाचं तोंड जिकडे, तिकडे सोनं, म्हणतात. मग आपणच साप कोरू!"

दोघे खणणारे सावलीत चहा प्यायला बसले, तेव्हा मुलांनी मागच्या दारालगतच्या दगडावर खिळ्याने साप कोरला.

"नवाकोरा दिसतोय!"

"माती चोळ, गाढवा!"

"तोंड कुठे करू?"

रघदने बाहेर बोट दाखवलं. वाळूने फलाट गिळला, असं आजोबा नेहमी हळहळत सांगायचे. "त्या ढिगाकडे. भिंतीपासून लांब."

थोड्याच वेळात जरीर किंचाळला, "साप! नायेफ, साप!"

मग काय! दोघे वाळूवर तुटून पडले. ऊन कलताना कुदळ खणकन वाजली. "पेटीचं झाकण!" काका नाचलाच. पण त्या दगडाला लागून दुसरा दगड निघाला, मग तिसरा. सरळ, घडीव रांग!

आरडाओरडा ऐकून गाव जमलं. आजोबाही आले. त्यांनी चपला काढल्या आणि त्या दगडांवर पाय ठेवला.

"इथे माझे बाबा हिरवं निशाण घेऊन उभे राहायचे," ते म्हणाले. "दमास्कसची गाडी यायची तेव्हा मी त्यांचा सदरा घट्ट धरायचो."

काकाने मुलांकडे रोखून पाहिलं. "तो साप कोणी कोरला रे?"

"मी," रघद मान खाली घालून म्हणाली. "भिंत पडली असती, काका. तुम्ही आत होतात."

आजोबांनी तिला जवळ ओढलं. "शाबास, पोरी! भिंतही वाचवलीस, आणि हा मूर्खही!"

सगळे खो खो हसले. काका कानापर्यंत लाल झाला. मग त्याने हातांवर थुंकून कुदळ उचलली.

"बाबा, फलाट अजून कुठवर आहे?"

"पार त्या बाभळीपर्यंत."

"मग बघता काय, पोरांनो? घमेली आणा!"