सातचं खोकं, सहाचे प्लग

पोलीस ठाण्याच्या आवारात गॅस कटरने त्या लाल गाडीचं बॉनेट कापलं, तेव्हा गुरुवारचे सकाळचे अकरा वाजले होते. मंगळवारी दुपारी चोरखमाऱ्याच्या रस्त्यावर गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली, तेव्हापासून ते उघडतच नव्हतं. हवालदारांनी पहार घालून पाहिली होती आणि शेवटी नाद सोडला होता.

हर्षिता कटरे इंजिनावर वाकली. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासणं हे तिचं काम. बारा वर्षांत तिने एक गोष्ट पक्की शिकली होती. मोडलेली गाडी खोटं बोलत नाही, तिच्या भोवती उभी राहणारी माणसं बोलतात.

तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन होतं. तिने तिन्ही स्पार्क प्लग काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवले आणि पातळ पट्टी घालून टोकांमधली फट मोजली.

"काय निघालं?" सहायक निरीक्षक वीरेंद्र मेश्राम यांनी विचारलं.

"फट एक पॉइंट एक मिलिमीटर. पाहिजे पॉइंट सात. आणि हे सहा नंबरचे प्लग आहेत, या गाडीला सात लागतो."

"साध्या भाषेत सांगा, मॅडम."

"या फटीतून ठिणगी उडते. टर्बो इंजिनात हवा कोंबून भरतो. त्या दाट हवेत ठिणगीला लांब उडी जमत नाही. गाडी हळू चालवा, काही कळणार नाही. ओव्हरटेक करायला जोरात पाय दाबा, ऐन वेळी दगा देते. नंबराचंही तसंच. या कंपनीत आकडा मोठा तेवढा प्लग थंडा, म्हणजे उष्णता पटकन बाहेर टाकणारा. टर्बो तापतो, त्याला थंडाच लागतो."

मेश्रामांनी समाधानाने मान हलवली. "गाडीमालक तिलकभाऊंची तक्रार हीच आहे. मिस्त्रीने नव्याचं नाव केलं आणि जुने बसवले. डिकीत सात नंबरची तीन खोकी सापडली, रिकामी. बाई जिवानिशी गेली. संध्याकाळी मी अटक दाखवतो."

तो मिस्त्री, उदेलाल बिसेन, व्हरांड्यातल्या बाकावर मंगळवारपासून बसून होता. वय बासष्ट. तिरोड्यात तीस वर्षांचं गॅरेज. अर्ध्या तालुक्याच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या, पण दोन दिवसांत त्याला चहा विचारायलाही कोणी आलं नव्हतं. शेडच्या पाटीवर मात्र कोणीतरी डांबर फासून गेलं होतं. उद्या पेपरात 'अटक' एवढा शब्द छापून आला की तीस वर्षांचं नाव मातीत जाणार होतं.

डिप्लोमाच्या सुट्ट्यांत हर्षिता त्याच्याच शेडमध्ये काम शिकली होती. मेश्रामांना तिने ते आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

"काका, कोणते प्लग बसवले?"

"सातचे. नवे. फट मोजूनच बसवलो."

"आत सहाचे निघाले."

उदेलालने मान वर केली. "होऊच नाई शकत, बाई."

"जुने कुठे गेले?"

"पेट्रोलानं धुतलो, ब्रशानं घासलो, नव्याच्या खोक्यात भरलो आन् डिकीत ठेवलो. ज्याचा माल त्याले वापस. तीस साल झाले, मी असाच करतो."

"धुतले कायले? जुनेच तर होते," हर्षिता म्हणाली.

"दुसऱ्याची चीज मळकी कशी देऊ?"

मेश्राम हसले. "खोकी रिकामी सापडली, बुवा."

हर्षिता पुन्हा गाडीकडे गेली. म्हातारा खोटं बोलत असेल का? माणसं बिघडतात, तिने पाहिलं होतं. ती इंजिनाशी उकिडवी बसली आणि प्लग काढण्याआधी मोबाइलवर घेतलेला फोटो उघडून प्लगांवरच्या, त्यांना वीज देणाऱ्या कॉइलचे तीन बोल्ट निरखू लागली.

बोल्ट आवळला की त्याचं डोकं आणि शेजारचं लोखंड यांवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची, ही उदेलालची रीत. बोल्ट हलला की रेघ तुटते. फोटोत तिन्ही रेघा तुटलेल्या होत्या. अर्धी रेघ बोल्टवर, अर्धी भलतीकडे. बोल्टांच्या कडाही सोलून निघाल्या होत्या, पकडीने पिळल्यासारख्या. शेडमध्ये कोणी बोल्टला पकड लावली तर उदेलाल हातावर चापट मारायचा. हर्षिताने ती दोनदा खाल्ली होती.

दुपारी जबाब द्यायला सुखराम आला. अपघाताच्या वेळी पुढे चाललेला धानाचा ट्रॅक्टर त्याचाच.

"बाईनं हॉर्न देल्लन, मी बाजूले घेतलो," तो सांगू लागला. "गाडी माह्या बरोबरीले आली आन् हिचकू लागली. झटके खाऊन राहिली होती. ना पुढे जाये, ना मांगे. सामने ट्रक. बाईनं माह्याकडे पाह्यलन, मॅडम. मी ब्रेक दाबलो, तवापर्यंत तिनं गाडी माह्या पुढून कठड्याकडे घातली."

त्याने गमछा तोंडावर धरला. हर्षिताने त्याला आणखी काही विचारलं नाही.

चारच्या सुमाराला तिलक रहांगडाले आला. राईस मिलचा मालक, अपघातात गेलेल्या धनवंताचा नवरा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याचं दुःख खरं होतं, आणि तेच हर्षिताला अवघड वाटत होतं.

"अटक हुई क्या, साहेब?"

"मॅडमना दोन प्रश्न विचारायचे आहेत."

हर्षिताने तक्रारीचा कागद पुढ्यात घेतला. "गाडी गॅरेजमधून केव्हा आली?"

"शनिवारी. धनवंताच घेऊन आली."

"शनिवार ते मंगळवार, बॉनेट कोणी उघडलं?"

"कोनीच नाई."

"तक्रार केव्हा दिली?"

"मंगळवारी संध्याकाळी. बॉडी घरी याच्या पहिले."

"इथे लिहिलंय, 'मिस्त्रीने नवे न घालता जुनेच प्लग बसवले'. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे? गाडी हिचकत होती ना!"

"हिचकायला दहा कारणं असतात. पेट्रोलात पाणी, फिल्टर, कॉइल. तुम्ही नेमके प्लग सांगितले, आणि तेही जुने. आत जुने आहेत हे मला आज अकरा वाजता कळलं, कटर लावल्यावर. तुम्हाला मंगळवारी कसं कळलं?"

तिलकने मेश्रामांकडे पाहिलं. मेश्राम आता कागदाकडे पाहत होते.

"मी सांगते," हर्षिता म्हणाली. "या मिस्त्रीने नवे सात नंबरचे बसवले, बोल्टांवर रेघा ओढल्या. जुने धुऊन, चकचकीत करून खोक्यात घातले आणि परत केले. ती खोकी तुम्हाला डिकीत दिसली. उघडलीत, तर आत प्लग चमकताहेत. तुमच्या मनात लगेच आलं की नवे इथेच आहेत, म्हणजे म्हाताऱ्याने आपल्याला लुबाडलं. तुम्ही पकड घेतलीत, बोल्ट पिळले, आतले बाहेर काढले. त्यांची टोकं एका दिवसात काळवंडलेली. काळा म्हणजे जुना, चमकता म्हणजे नवा, एवढीच तुमची पारख. प्लगवरचा आकडा तुम्ही वाचला नाही. खोक्यावर सात होता. तुम्ही सहा आत घातलेत."

"झूठ है," तिलक म्हणाला, पण आवाज बसला होता.

"काढलेले तीन प्लग तुम्ही फेकले नसतील. चोरी पकडल्याचा पुरावा कोण फेकतो?"

तिलक खुर्चीत खाली घसरल्यासारखा बसला.

"मिलमध्ये आहेत, ड्रॉवरात. रविवारी काढलो. बाजाराच्या दिवशी चार लोकांसमोर त्याच्या तोंडावर मारनार होतो." त्याने बाकाकडे बोट केलं. "धनवंताले बी नाई सांगतलो. ती म्हनली असती, आधी त्याले इचारा."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी समजलं का आखरी हात माहा होता. बॉनेट त उघडतच नाई, आत कोन पाहते? चोरी त्याचीच हाये, मंग माहा नाव कायले घेऊ, असा सोचलो."

हवालदार मिलमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन प्लग घेऊन आला. हर्षिताने ते तिलकच्या समोर मोजले. तिन्हींवर सात. तिन्हींची फट पॉइंट सात.

"मंग हे नवे होते?" तिलकने विचारलं.

"हो."

"आन् मी गाडीत घातलो, ते?"

हर्षिताला त्या माणसाची चीड आली होती आणि कीवही. "तुमचेच जुने. त्यांनी गाडी हिचकते, म्हणून तर तुमच्या बायकोने ती गॅरेजला नेली होती."

तिलक रडला नाही. तो नुसता त्या तीन प्लगांकडे बघत राहिला. मेश्रामांनी नवा कागद ओढला आणि त्यावर दुसरं नाव लिहायला घेतलं.

उदेलालला व्हरांड्यातून उठायला दोघांनी हात दिला. तिलकच्या समोरून जाताना तो थांबला. "भाऊ, एक डाव इचारलं असतं," एवढंच तो म्हणाला.

फाटकाबाहेर तोवर दहा-बारा माणसं जमली होती. अशी बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. श्यामलाल सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या तीन जीपा वर्षानुवर्षं उदेलालच्याच हातच्या.

"उदेलालभाऊ, आमाले मालूमच होतं," श्यामलाल हात पसरून म्हणाला. "तुमी असं करनारच नाई."

उदेलालने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मंग दोन दिस कोठी होतास गा?"

श्यामलालचे हात खाली आले. बाकीचे रस्त्याकडे बघू लागले. उदेलाल त्यांच्यामधून वाट काढत निघाला.

हर्षिता गाडीची किल्ली हातात घेऊन मागे उभी होती, घरी सोडते म्हणायला. ती किल्ली तिने पुन्हा पर्समध्ये टाकली. उदेलालला ठाण्यात बसवल्याची बातमी तिनेही गोंदियात मंगळवारीच ऐकली होती. ती आली होती ती आज, कंपनीचं पत्र हातात पडल्यावर.