जळत राहिलेला कंदील

"बेशुद्ध माणसाने हसायचं नसतं," मित्रा म्हणाली.

"पण बेशुद्ध माणसाला गुदगुल्या होत नाहीत असं या वहीत कुठं लिहिलंय?" रुपचंद डोळे मिटूनच म्हणाला. तो ओट्यावर उताणा पडला होता आणि त्याची थोरली बहीण त्याची हनुवटी वर उचलून त्याच्या तोंडात डोकावत होती.

"जीभ मागे पडलेली नाही," मित्राने निकाल दिला. "तुझी पडणारही नाही. ती कायम चालूच असते."

अठ्ठ्याऐंशी सालची दिवाळीची सुट्टी. दोघं पाचोऱ्याहून धुळ्याला लतामावशीकडे आली होती. मावशी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि संध्याकाळी त्यांच्याच मदतनिसांच्या वर्गाला जायची. आज ती डॉक्टरांबरोबर सोनगीरला शिबिराला गेली होती. तिची निळ्या पुठ्ठ्याची वही मात्र घरीच होती, आणि मित्राने सकाळपासून रुपचंदचे दोन्ही हात, एक पाय आणि डोकं बांधून पाहिलं होतं.

तेवढ्यात समोरच्या घरातली नलू धावत आली.

"नाना परत पडले."

वही, पान १४

*एकाच जागी काम करणाऱ्या माणसांना तोच त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर माणसाआधी जागा तपासा.*

नलूचे वडील, चुडामणनाना, कामावरून येऊन उंबऱ्यावर डोकं धरून बसले होते. उलटी होऊन गेली होती. आठ दिवसांत ही तिसरी वेळ.

"माले काय व्हयेल नही," ते म्हणाले. "घटकाभरमा बरं वाटस. मंग परत जास."

"जाऊ नका ना आज," नलू म्हणाली.

"नही गऊ ते शेठ म्हनी, दारू पिईसन पडना व्हई."

नाना जीवरामशेठच्या केळीच्या वखारीत कामाला होते. शेठने कालच चारचौघांत सांगितलं होतं की पुन्हा झोकांड्या खाताना दिसलास तर दुसरं काम बघ. नानांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. दारूच्या दुकानासमोरून जातानाही ते रस्ता ओलांडायचे. पण वखारीत ते कुणाला सांगणार?

"घरी आल्यावर बरं वाटतं?" मित्राने विचारलं.

"तासाभरात," नलू म्हणाली. "रविवारी तर अजिबात दुखत नाही."

"रविवारी वखार बंद?"

"बंद."

मित्राने वही काखेत मारली. "चल, जागा बघू."

वखारीच्या मागच्या अंगाला केळी पिकवायची खोली होती. आत भिंतीला टेकून हिरव्या घडांच्या थप्प्या. थंडीत केळी लवकर पिकत नाहीत, म्हणून खोली गरम ठेवायची. एकुलत्या एका खिडकीवर फळ्या ठोकून शेणमातीने लिंपलेलं. दारात एक काचेचा तुकडा बसवलेला, आत न जाता माल बघता यावा म्हणून.

गुलाबभाऊ हमाल घड उतरवत होते.

"भाऊ, तुमचंही डोकं दुखतं का?" रुपचंदने विचारलं.

"दुखतं. पण हमालाला डोकं असतं हे विचारणारा तू पहिलाच."

"मागच्या वर्षी दुखायचं?"

गुलाबभाऊ थांबले. "नाही. मागच्या वर्षी धुरी होती. बाहेर गोवऱ्या पेटवायच्या आणि भिंतीतल्या भोकातून धूर आत सोडायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून आत कुणी थांबायचंच नाही. यंदा शेठने कोळशाच्या शेगड्या आणल्या. आतच ठेवतो."

"कोळशाला धूर नाही," मागून आवाज आला. जीवरामशेठ उभे होते, हातात पानाचा डबा. "साल काळी पडत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस तासभर आत आरामात काम करतो. धूरच नाही तर त्रास कसला? त्रास बाटलीचा आहे."

नलूचे कान लाल झाले. ती काही बोलणार तोच रुपचंद पुढे झाला.

"शेठ, हवा तपासू? आमचे आजोबा पडक्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतात. कंदील विझला तर हवा वाईट."

"तपासा बाबांनो. आणि मग आपापल्या घरी जा."

नलूने वखारीतला कंदील पेटवला. मित्राने तो आत, शेगड्यांच्या शेजारी ठेवला. दार लोटलं. तिघांनी पाळीपाळीने काचेला डोळा लावला.

पाच मिनिटं.

कंदील जळत होता.

दहा मिनिटं. पंधरा.

कंदील मजेत जळत होता. रुपचंदला त्याचा राग आला.

"झालं?" शेठ हसले.

नाना तोपर्यंत कामावर आले होते. पोरांची खटपट त्यांनी ऐकली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा हायसं वाटल्यासारखं दिसलं.

"कंदील जळी ऱ्हायना ना? मंग बठ्ठं बरं शे," ते म्हणाले. नलूच्या डोक्यावर हात ठेवून ते आत गेले. ऊब जाऊ नये म्हणून शेठने दार बाहेरून ओढून घेतलं.

परतताना नलू वाटेत तिच्या मैत्रिणीकडे वळली. मित्रा आणि रुपचंद घरी आली, त्यांनी चहा केला, त्यात खारी बुडवली. खारी तुटून कपात पडली तरी रुपचंदने विनोद केला नाही.

"जागा पास," तो शेवटी म्हणाला. "लिही तुझ्या वहीत."

मित्राने पान १४ उघडलं. लिहायला जागा नव्हती, म्हणून पान उलटलं.

वही, पान १५

*कोळशाचा वायू. रंग नाही, वास नाही, धूर नाही. बंद खोलीत साठतो. डोकेदुखी, चक्कर, उलटी, मग बेशुद्धी. दिव्यावर विसंबू नये. विहिरीतला वायू वेगळा, हा वेगळा. यात दिवा विझण्याच्या कितीतरी आधी माणूस पडतो.*

शेवटच्या वाक्याखाली मावशीने दोन रेघा मारल्या होत्या.

मित्राने ते एकदाच वाचलं. रुपचंदला वाचून दाखवायची गरज पडली नाही. त्याने तिचा चेहरा बघितला आणि चप्पल न घालताच तो पळत सुटला.

नाना आत जाऊन पाऊण तास झाला होता.

"नाना!" नलू आधीच तिथे होती. मैत्रिणीकडून परतताना ती नानांना बघायला थांबली होती, आणि घट्ट बसलेल्या दारावर थापा मारत होती. काचेतून कंदील दिसत होता. अजून जळत होता. त्याच्या उजेडात केळीच्या पानांवर एक पाय दिसत होता. पाय हलत नव्हता.

गुलाबभाऊंनी दार ढकललं आणि आत झेपावले. मित्राने त्यांचा सदरा मागून धरला.

"थांबा. आत जाऊ नका."

"सोड. माणूस पडलाय."

"तुम्हीही पडाल. मग दोघांना कोण काढणार? दार सताड उघडा. आधी खिडकी फोडा."

"खिडकी फोडायची नाही," शेठ धावत आले. "दोन दिवसांची ऊब जाईल. पिऊन झोपलाय तो. पाणी मारा, उठेल."

मित्राने गुलाबभाऊंचा सदरा सोडला नाही.

मागच्या बाजूने धाडकन आवाज आला. मग दुसरा. रुपचंदने काट्यावरचं पाच किलोचं वजन दोन्ही हातांनी उचललं होतं आणि तो बाहेरून फळ्यांवर आपटत होता. तिसऱ्या घावाला शेणमाती ढासळली. चौथ्याला फळी आत पडली. वारा खिडकीतून शिरला आणि दारातून बाहेर आला.

"आता दोर," मित्रा म्हणाली. "कमरेला बांधा. छाती भरून श्वास घ्या, आत सोडायचा नाही. ओढा आणि या. अडखळलात तर आम्ही दोर ओढतो."

गुलाबभाऊंनी मान हलवली. शेठचं तोंड उघडंच होतं, पण दोराचं दुसरं टोक त्यांच्याच हातात कुणीतरी दिलं होतं, आणि त्यांनी ते घट्ट धरलं.

एक. दोन. तीन. नलू मोजत होती. अकराला गुलाबभाऊ नानांना काखेत धरून मागे सरकत बाहेर आले आणि धापा टाकत गुडघ्यांवर बसले.

अंगणात गर्दी जमली. कुणी म्हणालं कांदा हुंगवा. कुणी चप्पल पुढे केली. एकाने तांब्या आणला आणि नानांच्या ओठांना लावायला वाकला.

"पाणी नको," मित्राने तांब्या बाजूला केला. "बेशुद्ध माणसाला पाणी छातीत जातं. मागे सरका सगळे, वारा येऊ द्या."

तिने नानांची हनुवटी वर उचलली. कान त्यांच्या नाकाशी नेला. छातीकडे बघितलं.

काही नाही.

गळ्याच्या बाजूला दोन बोटं दाबली. होती. नाडी होती, बारीक, पण होती.

"श्वास नाही," ती म्हणाली. "नाडी आहे. श्वास द्यावा लागेल. तोंडाने."

गर्दीतून एक म्हातारा पुटपुटला, "माळकरी मानूस शे. आनि ही पोर त्या जातनी... तोंडले तोंड लावस का?"

मित्राने ते ऐकलं. पाचोऱ्यातही ऐकलं होतं, वेगळ्या शब्दांत. तिने नलूकडे पाहिलं.

"लाव," नलू म्हणाली. "लवकर लाव."

मित्राने नानांचं नाक चिमटीत धरलं.

फुंक.
छाती वर आली.
"एक, दोन, तीन, चार, पाच," रुपचंद.

फुंक.
"एक, दोन, तीन, चार, पाच."

फुंक. तुळशीची माळ तिच्या गालाला टोचली.
"एक, दोन, तीन, चार, पाच."

फुंक. डोळ्यांपुढे काजवे.
"एक, दोन, तीन. मित्रा, दम घे. चार, पाच."

फुंक.

किती झाले ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. रुपचंद फक्त पाचपर्यंत मोजत होता, आणि पाचनंतर पुन्हा एक येत होता. मध्येच नानांच्या घशातून खरखर आली. मग छाती वर आली, आणि ह्या वेळी मित्राने फुंकलं नव्हतं.

"कुशीवर," ती म्हणाली. गुलाबभाऊंनी नानांना कुशीवर वळवलं. लगेच उलटी झाली आणि ती बाहेर पडून गेली, घशात गेली नाही. शेठ स्वतः रस्त्यावर धावले आणि रिक्षा घेऊन आले.

दवाखान्यात नानांना प्राणवायू लावला. संध्याकाळी लतामावशी आणि तिचे डॉक्टर सोनगीरहून थेट तिथेच आले. डॉक्टरांनी पोरांना पुढे बोलावलं.

"शाबास. माझ्या वर्गातले निम्मे लोक आधी आत धावले असते. तुम्ही खिडकी फोडलीत. त्यामुळे एक वाचला, आणि गुलाबही पडला नाही."

मावशीने मित्राच्या पाठीवर हात ठेवला. मित्राने तो झटकला नाही, पण मान वर केली नाही.

"आम्हीच त्यांना आत पाठवलं," ती म्हणाली. "हवा चांगली आहे म्हणून सांगितलं. पुढचं पान वाचलंच नव्हतं."

"कंदिलाची कल्पना माझी होती," रुपचंद हळूच म्हणाला.

नलू कॉटच्या पायाशी उभी होती. ती दुपारपासून दोघांशी एक शब्द बोलली नव्हती.

नानांनी नाकावरची नळी जरा बाजूला केली. "मी आठ दिन तठे मरी ऱ्हायंतू," ते म्हणाले. "बठ्ठा म्हनेत, दारू पेस. माले काय व्हस, हाई कोनी इचारं? तुम्हीच इचारं."

नलूने जरा सरकून मित्राला कॉटच्या कडेला जागा करून दिली.

दाराशी जीवरामशेठ टोपी हातात घेऊन उभे होते. "उद्यापासून शेगड्या बंद," ते म्हणाले. "खिडकी उघडीच ठेवतो. आणि चुडामण, बाटलीचं बोललो ते चारचौघांत परत घेतो." मग त्यांच्यातला व्यापारी गप्प बसेना. "पण थंडीत माल पिकायला दोन दिवस जास्त लागतील हं."

"लागू द्या, शेठ," नाना म्हणाले.