अर्धा इंच आखूड

माझ्या बायकोला, फ्लोरिनला, मणक्याचा क्षय झाला तेव्हा मी रेल्वेच्या कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून उत्तनला घरी आलो. साल १९४३. डॉक्टर म्हणाले, वर्षभर फळीवर उताणी ठेवा, हलू देऊ नका. खाटेवरच्या फळीला रंधा मीच मारला. छातीवरचे, कमरेवरचे, गुडघ्यांवरचे चामड्याचे पट्टे मीच शिवले. पडवीत बसून मी होड्यांच्या साखळ्या दुरुस्त करायचो आणि आत ती कौलांकडे बघत पडलेली असायची.

"कौलं मोजून झाली," ती एकदा म्हणाली. "आता हातांना काय तरी द्या."

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही तारेची कोडी बनवायचो. तसंच एक केलं. पोलादी तारेची चौकट, तिच्यात लांबट फास, फासात अडकलेलं कडं. फास चौकटीवरून फिरवून घेतला की कडं सुटतं. सांधे पितळेचा डाख देऊन जोडले, कानशीने घासलं आणि संध्याकाळी तिच्या हातात ठेवलं.

सकाळी पडवी झाडताना उरलेली तार सापडली. मापली. फास अर्धा इंच आखूड कापला गेला होता. तो चौकटीवरून जाणारच नव्हता. कोडं सुटणं शक्य नव्हतं.

ते परत घ्यायला आत गेलो. कडं तिच्या चादरीवर पडलं होतं. चौकट हातात होती.

"कसं काढलंस?"

"ढिलं सोडलं की सुटतं. ओढलं की न्हाय."

मी भिंगाखाली धरलं. सांधे शाबूत होते. मी दिवसभर प्रयत्न केला, कडं परत आत घालता आलं नाही.

मग मी दोन साधी कडी एकमेकांत अडकवली आणि दोन्हींना डाख दिला. यात कोडं नव्हतंच. दुपारी तिला दिली. शेजारच्या कृष्णाबाईला बोंबील साफ करायला तिच्या खाटेशीच बसवलं आणि नजर ठेवायला सांगितलं.

चर्चची संध्याकाळची घंटा व्हायच्या आत दोन्ही कडी वेगळी झाली होती.

"मी उठले न्हाय, सॅम्युएलभाव," कृष्णाबाई म्हणाली. "मासली बगाया मान खाली घातली, तवरच."

दुसऱ्या दिवशी फ्लोरिनच्या लग्नाच्या बांगड्या हातात नव्हत्या. त्या साबण लावूनही निघत नसत. मला त्या खिडकीत सापडल्या, अखंड, ओळीने मांडलेल्या. फळीवरून तिचा हात खिडकीपर्यंत पोचत नव्हता.

मी कोडं, कडी, बांगड्या, सगळं समुद्रात फेकून आलो. तिने काही मागितलं नाही.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"कुठं?" तिने विचारलं. खरंच कळलं नव्हतं तिला.

त्या रविवारी दुपारी मी काम बंद ठेवलं. तिन्ही पट्टे एकेक भोक पुढे आवळले. तिच्याजवळ बसलो आणि तिचं मनगट मुठीत धरलं, अंगठा नाडीवर दाबून.

"फ्लोरिन, जाऊ नको."

"तुमी ओढू नका," ती हळूच म्हणाली. "मला लय दिवसांनी बरं वाटतंय."

मी मूठ आणखी आवळली.

बाहेर कुणाचीतरी बैलगाडी गेली. मी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. पापणी लवली असेल, एवढंच.

पट्टे बंद होते. पोलक्याची बटणं लावलेली होती. पोलकं फळीवर सपाट पडलं होतं.

कृष्णाबाई दारात आली आणि तिथेच खाली बसली.

माझी मूठ उघडली नव्हती. आत मनगटाएवढी जागा होती आणि अंगठ्याखाली नाडी लागत होती.

अंगठ्याला स्वतःचीही नाडी असते, मला ठाऊक आहे. म्हणून दुसरा हात मी माझ्या गळ्याशी नेला.

माझी नाडी धावत होती. मुठीतली संथ चालली होती.