डोळ्यांच्या उंचीवरचा समुद्र

चित्रं टांगण्याच्या कामात तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे पाणसळकाका म्हणत. पाणसळ म्हणजे ती पट्टी, जिच्या पोटातल्या काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो. बुडबुडा मधोमध आला की समजायचं, वस्तू सरळ आहे. काकांच्या मागच्या खिशात ती कायम असे. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत, आणि यजमानांची पाठ वळली की बोटानं हळूच एक कोपरा वर ढकलत. आयुष्यात त्यांना सगळं सरळ करता आलं होतं, एक मुलगी सोडून.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. तिची आई गेल्यापासून घरात दोघंच होती. वय सव्वीस, आणि नाद वादळांचे फोटो काढण्याचा. वारा सुटला की बाकीची माणसं खिडक्या लावून घेत, ही कॅमेरा उचलून धक्क्याकडे निघे. हा धक्का म्हणजे समुद्रात चारशे पावलं आत गेलेली दगडी भिंत. तिच्या टोकाला होड्या बांधायची एक लोखंडी कडी होती. कमरेचा दोर त्या कडीला बांधून भिंगरी उभी राही आणि लाट अगदी तोंडाशी येईपर्यंत बटण दाबत नसे. काकांनी तिला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, आठ दिवस अबोला धरून पाहिलं. शेवटी हात टेकले आणि तिला पक्की गाठ मारायला शिकवलं.

तिच्या फोटोंचं पहिलं प्रदर्शन शुक्रवारी उघडणार होतं. भिंतीवर जागा बारा फोटोंची होती आणि फोटो होते अकरा.

"बारावा गुरुवारी मिळेल," ती म्हणाली. "गुरुवारी दुपारी वादळ येणारच असं हवामानवाले सांगतायत. रात्री धुऊन छापते, शुक्रवारी सकाळी तुम्ही टांगा. इतकं वेळेवर तर आपले पाहुणेसुद्धा येत नाहीत, बाबा."

"अकरा पुरेत की. अकरा काय वाईट आकडा आहे?"

"ती रिकामी जागा तुम्हालाच सहन व्हायची नाही."

ते खरं होतं.

मंगळवारी सकाळी दोघं कलादालनात पोचली. लांबट पांढरा हॉल, वर झोताचे दिवे, गुळगुळीत लादी, आणि नव्या रंगाचा वास. दालनाच्या व्यवस्थापक बाई चष्मा कपाळावर चढवून दारातच उभ्या होत्या.

"काका, आमच्याकडे चौकटीचा मध्य भिंतीवर ताणलेल्या दोऱ्यावर घेतात," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांचा नियम आहे."

"फुलं, फळं, माणसं असली तर खुशाल घ्या," काका म्हणाले. "समुद्राचं चित्र चौकटीवरून लावायचं नसतं, समुद्रावरून लावायचं. बाई, तुम्ही किनाऱ्यावर बसा, उभ्या राहा, नाहीतर गच्चीवर चढा, क्षितिज बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरच येतं. तुम्ही वर गेलात की तेही वर, तुम्ही बसलात की तेही बसतं. डोळ्यांच्या वर क्षितिज जगात कुणाला दिसत नाही. म्हणून ज्यानं फोटो काढला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर क्षितिज घ्यायचं. मग बघणारा तिथंच जाऊन उभा राहतो."

बाईंनी चष्मा खाली घेतला, काकांकडे पाहिलं, पुन्हा वर चढवला. "करा बाबा तुमच्या पद्धतीनं," असं म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या.

भिंगरी चपला काढून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. लहानपणी उंची मोजायला राहायची तशीच, टाचा जरा उचलून.

"टाचा खाली," काका न बघताच म्हणाले.

डोळ्याच्या रेषेत त्यांनी भिंतीवर पेन्सिलीची बारीक खूण केली. चार फूट आठ इंच. त्या उंचीवर हॉलच्या चारी भिंतींना त्यांनी लाल दोरा ताणला, आणि संध्याकाळपर्यंत अकराही फोटो असे लावले की प्रत्येकातलं क्षितिज बरोबर दोऱ्यावर बसलं. फोटो तीस इंच उंचीचे. खाली नऊ इंच समुद्र, वर सगळं आभाळ. काकांनी सवयीनं प्रत्येकाची मापं वहीत टिपून ठेवली. मग दोघं हॉलच्या मधोमध उभी राहिली. चहूकडे एकच सरळ रेघ, आणि त्या रेघेखाली समुद्र. भिंगरीनं बापाचा हात धरला.

"बाबा, पायाखाली दगड लागल्यासारखे वाटतायत," ती म्हणाली.

काकांना फार बरं वाटलं. असं कौतुक त्यांच्या कामाला आजवर मिळालं नव्हतं.

बुधवारी सकाळी काका दिव्यांचे झोत नीट करायला एकटेच आले. दारातूनच त्यांना काहीतरी खटकलं. डोळा सरावलेला होता, त्याला पाव इंचही चुकत नसे. अकराही फोटोंतलं क्षितिज दोऱ्याच्या बोटभर वर होतं.

दोरा सैल पडला असेल म्हणून त्यांनी टेप लावली. दोरा चार फूट आठवरच होता. चौकटी सरकल्या असतील म्हणून कोपऱ्यांच्या खुणा पाहिल्या. चौकटी जागच्या जागी होत्या. मग त्यांनी फोटोच मोजला. खालच्या कडेपासून क्षितिजापर्यंत पावणेदहा इंच. वहीत नऊ होते. पुढचा मोजला, तोही पावणेदहा. अकराही पावणेदहा.

'काल लिहितानाच चुकलो,' काका स्वतःशी म्हणाले. पण एका माणसानं अकरा वेळा सारखीच चूक करावी, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी चष्मा पुसला. एका फोटोच्या काचेवर हात ठेवला. काच थंडगार होती, पण हॉलही थंडच होता.

काम अडून चालणार नव्हतं. त्यांनी अकराही चौकटी बोटभर खाली घेतल्या. शेवटची चौकट दोऱ्यावर बसली तेव्हा घड्याळात अकरा वाजले होते.

दुपारी भिंगरी डबा घेऊन आली. तिच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

"उद्याची जागा बघायला धक्क्यावर गेले होते," ती म्हणाली. "गंमत झाली. ना भरतीची वेळ, ना वारा, तरी पाणी चढून धक्क्यावर आलं. घोट्याच्या वर. कोळी म्हणाले, असं कधी बघितलं नाही. मग आपोआप उतरलं."

"किती वाजता उतरलं?" काकांनी विचारलं.

"काय की. अकराचा भोंगा नुकताच झाला होता. का?"

"काही नाही. जेव."

काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी त्या पालीला हाकलून दिलं. आपण आयुष्यभर टेपवर विश्वास ठेवलेला माणूस आहोत, असं मनाला बजावलं. तरी जेवताना ते भिंतींकडे पाठ करून बसले, आणि घास गिळता गिळता दोनदा मागे वळून पाहिलं.

रात्री त्यांनी तिला विनवलं. "नको जाऊस, पोरी. बाराव्या जागी मी मोठी पाटी लावतो, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"बाबा, एवढा एकच. मग वर्षभर फक्त मांजरांचे फोटो काढीन, शप्पथ."

ती हसली. काका हसले नाहीत.

गुरुवारी दुपारी वारा सुटला. बाई कुठल्याशा बैठकीला गेल्या होत्या, आणि शिपाई दाराशी स्टुलावर बसून काचा थडथडताना ऐकत होता. भिंगरी दोन वाजताच धक्क्यावर गेली होती. काकांना घरी बसवेना, म्हणून ते दालनात आले. आणि हॉलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर थबकले.

क्षितिज दोऱ्याच्या वीतभर वर होतं.

सगळ्या फोटोंत. कुठं लाट उसळलेली नव्हती, कुठं काही हललेलं नव्हतं. फक्त आभाळ कमी झालं होतं.

त्यांनी फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

"बाबा, आत्ता नको!" वाऱ्यानं तिचा आवाज फाटत होता. "पाणी वर येतंय. कमरेच्या वर आलंय. लाट नाहीये, बाबा, नुसतं चढतंय. दोराची गाठ ओली झालीय, सुटत नाहीये..."

फोन बंद झाला. फोटोंतला समुद्र आधी चढत होता, धक्क्यावरचा त्याच्या मागून.

ती गाठ काकांनीच शिकवली होती. ओली झाली की सुटत नाही, म्हणून तर पक्की.

काकांनी पहिल्या फोटोला हात घातला.

चौकट जड होती. त्यांनी ती खिळ्यावरून उचलली आणि खाली लादीवर, भिंतीला टेकवून उभी केली. दुसरी उचलली. तिसरी.

चौथीच्या वेळी काचेत पाहिलं. समुद्र अजून चढत होता.

पाचवी. सहावी. बोटं सोलून निघाली.

सातवी हातातून निसटता निसटता राहिली.

आठ. नऊ. दहा.

अकरावी लादीला टेकली, आणि काका तिच्याशेजारीच भिंतीला पाठ लावून बसले. एका ओळीत मांडलेला अकरा ठिकाणचा समुद्र आता उभ्या माणसाच्या मांडीच्या उंचीवर होता. त्यांनी टेप लावून पाहिली. क्षितिज बावीस इंचांवर थांबलं होतं.

फोन वाजला.

"उतरलं, बाबा." ती धापा टाकत होती, रडत होती आणि हसतही होती. "गळ्यापर्यंत आलं होतं. एकदम उतरलं, कुणी बूच काढावं तसं. दोर चाकूनं कापला. मी किनाऱ्यावर आहे."

काकांचा जीव भांड्यात पडला. शिपायाला "मी येतो, तोवर आत जाऊ नकोस" एवढं सांगून ते पायात चपला कशाबशा अडकवत धावत सुटले. भिंतीवरचा लाल दोरा तसाच ताणलेला राहिला. काम पुरं होईपर्यंत दोरा काढायचा नसतो, ही तीस वर्षांची सवय. तो काढायचं त्यांना सुचलंच नाही.

धक्क्याच्या तोंडाशी भिंगरी कठड्याला टेकून बसली होती. काकांनी तिला मिठी मारली, मग रागावले, मग पुन्हा मिठी मारली. वारा पडला होता. समुद्र इतका मागे गेला होता की धक्क्याच्या बुडाचं हिरवं शेवाळ उघडं पडलं होतं.

"पिशवी तिथंच राहिली," ती म्हणाली. "कडीला बांधलेली आहे. कॅमेऱ्यासकट रोल त्यात आहे, पिशवीत पाणी शिरत नाही. बाबा, पाणी गळ्याशी असताना काढलाय तो. तो बारावा आहे."

काकांनी समुद्राकडे पाहिलं. मग मनातल्या मनात हॉलकडे पाहिलं. अकराही फोटो जमिनीवर होते. त्यापेक्षा खाली काहीच नसतं.

"जा," ते म्हणाले. "पण पळत जा, आणि पळत ये."

तिनं त्यांच्या गालावर ओठ टेकवले आणि ती निघाली. काका कठड्याला धरून तिची पावलं मोजू लागले. तीनशेच्या पुढं गेली असेल तेव्हा त्यांच्या खिशातला फोन वाजला. बाईंचा होता.

"काका, अहो काय हे?" बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट समजूतच होती. "चित्रं जमिनीवर टाकून गेलात? शिपाई सांगत होता, तुमची मुलगी अडचणीत होती म्हणून. आता बरी आहे ना? काळजी करू नका. मी दोन माणसं आणली, अकराही चित्रं वर लावून घेतली. तुमचा दोरा होताच."

"क्षितिज..." ते म्हणाले. "क्षितिज कुठं घेतलंत?"

"ते तुमचं काही आम्हाला जमलं नाही बाई. आम्ही आपला चौकटीचा मध्य दोऱ्यावर घेतला. छान दिसतंय."

तीस इंचांचा मध्य पंधरा. क्षितिज बावीसवर. दोऱ्याच्या, म्हणजे भिंगरीच्या डोळ्यांच्या, वर सात इंच. डोळ्यांपासून टाळूपर्यंत माणूस पाच इंचही भरत नाही. हा हिशेब काकांच्या डोक्यात आपोआप झाला.

"काढा," ते ओरडले. "बाई, खाली ठेवा, आत्ताच्या आत्ता!"

"हॅलो? काका? वाऱ्यामुळं काही ऐकू येत नाहीये."

पण वारा नव्हता. एक पानही हलत नव्हतं. पलीकडे धक्क्याच्या टोकाशी भिंगरी गुडघे टेकून पिशवीची गाठ सोडवत होती. तिची पाठ काकांकडे होती. काकांनी तिला हाक मारली. तिनं वळून, पिशवी उंच धरून दाखवली.

तिच्यामागं समुद्र शांत होता. लाट नव्हती, फेस नव्हता, नुसती एक सरळ रेघ होती. काका जन्मभर असल्या रेघांकडे समोर बघत आले होते. आज ती बघायला त्यांना मान वर करावी लागली.