डावीकडचं दार

भुजंग अमेरिकेतून आला तेव्हा त्याच्याजवळ आमच्या हट्टा गावात कुणी न पाहिलेल्या दोन वस्तू होत्या. एक कागदाचा हातरुमाल आणि दुसरं आंतरराष्ट्रीय लायसन. रुमाल नाक पुसून फेकून द्यायचा होता. लायसन जगभर चालत होतं. राखाडी पुस्तिका होती ती, आणि हा गृहस्थ मोटार चालवू शकतो, असं तीत पाचसहा भाषांत लिहिलेलं होतं. मोटार रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालवावी, याबद्दल एकाही भाषेत अक्षर नव्हतं.

भुजंग माझा चुलतभाऊ. मी हिंगोलीला कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. त्याचा उपयोग एवढाच, की घरात कुणी मेलं की तारा लिहायला मला बोलावत. आदल्या श्रावणात अमृतरावकाका, म्हणजे भुजंगचे वडील, गेले तेव्हा तार मीच केली होती. उलट तार आली : रजा नाही, पुढचं उरकून घ्या. मडकं मी धरलं. अग्नी मी दिला.

काका दोन वर्षं गावभर सांगत होते, ‘‘भुजंग येनार हाय. मोटारीत मला पुढं बसवून औंढ्याला नेनार हाय.’’ फाट्यावर बस थांबली की ते उठून बघत. मग पुन्हा तंबाखू मळत आणि उरलेल्या चुन्याचं बोट ओट्याच्या खांबाला पुसत. त्या खांबावर पांढऱ्या बोटांची रांगच होती. काकूनं दिवाळीला घर सारवलं, पण खांबाला हात लावला नाही.

भुजंग आला फाल्गुनात. वडील कसे गेले हे त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ‘‘दादा, एखादी गाडी मिळेल का? मायला औंढ्याला नेऊन आणतो.’’

जिनिंगवाल्या किसनरावांनी आपली ॲम्बॅसॅडर दिली. निघताना अर्धं गाव ओट्यासमोर होतं. भुजंग ऐटीत गेला, डावीकडचं दार उघडलं, आणि तसाच उभा राहिला.

‘‘काय झालं सायेब?’’ शेजारचा जळबा म्हणाला, ‘‘चाक कुनी चोरलं का?’’

‘‘तिकडं चालवणारा डावीकडं बसतो,’’ भुजंग ओशाळून हसला. दार लावून वळसा घालून उजवीकडं आला. मी पुढं त्याच्या डावीकडं बसलो. रुक्माकाकू मागं, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन.

गाव सुटल्यावर एक ओढा लागतो. अलीकडं बाभळीखाली बसका दगड आहे. तो विसावा. मसणवाटेला जाताना खांदेकरी तिथं तिरडी टेकवतात, खांदे बदलतात आणि पुढं जातात. एरवी तिथं कुणी गाडी थांबवत नाही. बैल अडलाच तर माणूस त्याची शेपटी पिरगाळतो, पण थांबत नाही.

इंजिन नेमकं तिथं तापलं.

भुजंगनं गाडी उभी केली. इतकी वर्षं बाहेर राहून तो ती जागा विसरला असावा. मला ठाऊक होती. पण तर्कशास्त्राच्या माणसानं असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. मी डबा घेऊन ओढ्यात उतरलो.

पाणी आणलं, ओतलं. बॉनेट लावून भुजंग विचारात असल्यासारखा चालत गेला आणि पुन्हा डावीकडचं दार उघडलं. क्षणभर दार धरून उभा राहिला. ‘‘सॉरी,’’ म्हणाला, कुणाला कोण जाणे. दार लावलं, वळसा घालून आला.

मी पुढं बसायला गेलो.

‘‘नरसिंग, तू मागं ये,’’ काकू म्हणाली.

‘‘काहून काकू?’’

‘‘पुढं जागा न्हाई.’’

पुढं सगळी जागा होती. एकच लांब गादी, लाल रेक्झिनची. मी बसलो होतो तिथं खळगा पडला होता. जुन्या गादीचा खळगा भरायला वेळ लागतो, असं मी स्वतःला समजावलं आणि मागं बसलो.

काकू मघाशी टेकून बसली होती. आता ती ताठ बसली होती. डोक्यावरून पदर होता, पार कपाळापर्यंत.

‘‘काकू, ऊन लागतंय का?’’

‘‘बसलेत न्हवं ते,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘त्यांच्यासमोर टेकून कसं बसू?’’

भुजंगनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी बाहेर बघू लागलो. करडई काढणीला आली होती. सगळीकडं काटे.

वाटेतलं जवळा बाजार गाव मागं पडलं. खळगा भरला नाही.

पुढच्या वळणावर कापसाच्या गाठींचा ट्रक आला. भुजंगनं सवयीनं गाडी उजवीकडं घेतली. अमेरिकेत ते बराबर असेल. इथं ट्रक नेमका समोर आला. भोंगा किंचाळला. भुजंगनं दोन्ही हात तोंडावर धरले.

दोन्ही. मी मागून पाहत होतो.

चाक आपोआप डावीकडं फिरलं. घाईनं नाही, सवयीनं. गाडी कडेच्या मातीत उतरली आणि ट्रक गेल्यावर पुन्हा डांबरावर आली.

‘‘दादा,’’ भुजंग म्हणाला, ‘‘मी फिरवलं नाही.’’

उत्तर काकूनं दिलं.

‘‘त्यांनी जलमात दुसऱ्याच्या हाती कासरा दिला न्हाई.’’

औंढा येईपर्यंत गाडीत तंबाखूचा वास होता. आम्हा तिघांपैकी कुणी तंबाखू खात नव्हतं.

देवळासमोर फुलवाल्यांच्या रांगेत गाडी थांबली. काकू उतरली आणि पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

‘‘भुजंग, उतरवून घे त्यांना.’’

आमच्याकडं म्हातारं माणूस बैलगाडीतून आपलं आपण उतरत नाही. घरचा पोरगा पुढं होतो, त्याच्या खांद्यावर हात टेकून ते उतरतं. पोरगा पुढं झाला नाही तर म्हातारं तसंच बसून राहतं, बैल सोडले तरी. हा हट्ट नव्हे. रीत आहे.

भुजंगनं दार उघडलं. त्याचा खांदा थोडा खाली गेला, हे मी पाहिलं. मग त्याला फुलवाले दिसले. त्याच्या पँटकडं, गॉगलकडं बघणारे. तो सरळ झाला.

‘‘माय, आत कुणी नाही.’’

‘‘तवा आला न्हाईस,’’ काकू म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘‘आता हायेस तर खांदा दे की बाळा. किती येळ बसतील?’’

तो घामानं भिजला होता. ओठ हलले. काहीतरी म्हणेल असं वाटलं.

त्यानं दार लावलं.

हळू लावलं. आतल्या कुणाची बोटं चेमटू नयेत, अशा बेतानं.

काकू देवळात गेली नाही. नारळ तसाच परत आला.

दोन दिवसांनी मी भुजंगला परभणीच्या बसमध्ये बसवून दिलं. दोघांच्या बाकावर तो कडेला बसला. खिडकी रिकामी ठेवून. कंडक्टर म्हणाला, ‘‘आत सरका.’’ तो सरकला नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याची बायको मंगल अमेरिकेतून एकटीच आली. सासूला भेटायला, असं म्हणाली. ओट्यावर चहा घेताना मी सहज विचारलं, ‘‘भुजंग गाडी चालवतो की नाही?’’

‘‘बसनं जातात, दादा.’’ ती कपात बघत राहिली. ‘‘सकाळी गाडीपाशी जातात. डावीकडचं दार उघडतात, उभे राहतात, परत लावतात. वळसा घालून दुसऱ्या बाजूनं बसतात. तिथं चाक नसतं ना. तसेच बसून राहतात. बस यायची वेळ झाली की उतरतात.’’

‘‘विचारलं नाहीस?’’

‘‘विचारलं. म्हणाले, ‘औंढ्याला मी त्यांना उतरा म्हणालो नाही ना तेव्हा.’’’

कप ठेवायला ती वळली आणि खांबासमोर थांबली.

‘‘हे काय आहे?’’

‘‘काकांची चुन्याची बोटं. तंबाखू खाल्ली की पुसायचे.’’

ती वाकून बघू लागली. मग तिनं आपलं बोट त्यांतल्या एका खुणेवर ठेवून पाहिलं, आणि पदराला पुसलं.

‘‘तिकडं चुना मिळत नाही, दादा,’’ ती म्हणाली. ‘‘आणि गाडीला रात्री कुलूप असतं. तरी स्टिअरिंग मला रोज सकाळी पुसावं लागतं.’’