मुठीतला आकडा

दार लोटून घ्या. प्रज्योत माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, म्हणून सांगतो. ऐकीव असतं तर तोंड उघडलं नसतं.

तापमान टिपणारी, खिशात मावेल एवढी डबी त्याने घरीच बनवली. आराखडा नेटवर फुकट टाकला, कुणीही बनवा म्हणाला. मला फार कौतुक होतं पोराचं. पहिली डबी लावायला तो रेवसजवळच्या एका मासळीच्या शीतगृहात गेला. डबी दाराबाहेर भिंतीला, आणि तिच्या वायरीच्या टोकाचा सेन्सर आत, उणे अठरात. मिनिटामिनिटाचा आकडा याच्या मोबाईलवर.

तिथे रात्रपाळीला नामा असायचा. चाळिशीचा, भारी थट्टेखोर.

"चालतंय का पन ह्ये?"

"सेन्सर मुठीत धर. आकडा चढला की मला घरी कळंल."

नामाला खेळच मिळाला. त्या आठवड्यात दोनदा त्याने मूठ आवळून प्रज्योतची झोपमोड केली.

सात डिसेंबर, शनिवार. रात्रीचे अकरा चाळीस. मोबाईल वाजला. एकतीस. मग आकडा उतरला. पुन्हा एकतीस. पुन्हा उतरला. पुन्हा...

"नाम्या, झोप आता," असं पुटपुटत प्रज्योतने अलार्म बंद केला.

दार आतून उघडायची कडी तुटली होती, पोरांनो, आणि नामा आत अडकला होता. आत मोबाईलला रेंज नाही. नामाकडे हाक मारायला फक्त मूठ होती.

डबीने सगळं टिपलं. बावीस. चौदा. पाच. चार वाजून दहा मिनिटांनी उणे अठरा.

प्रज्योतने सकाळी ती रात्रच नोंदीतून पुसून टाकली. नामाची बायको कृष्णाबाई त्याच्या दारात आली. "भावजी, डबीत काय दिसला?"

"काय न्हाय, वहिनी."

माझाच भाचा, पण मला त्याची किळस आली.

वर्ष गेलं. शीतगृह बंद पडलं. डबी प्रज्योतच्या कपाटात, बॅटरी काढून ठेवलेली. पुन्हा सात डिसेंबर. अकरा चाळीस.

मोबाईल वाजला.

एकतीस.

त्याने कपाट उघडलं. अंधारात वायर चाचपली. टोकाचा सेन्सर मुठीत धरला. ओढला... येईना. पलीकडून कुणीतरी धरला होता.

"नामा?"

"नामा, चुकलो रे..."

पलीकडची मूठ सुटली. आणि त्याच्या मुठीवर आवळली.

सकाळी बहिणीने मला बोलावलं. प्रज्योत कपाटापाशी बसलेला, उजवी मूठ मिटलेली; हे सगळं त्याने तेव्हाच मला सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. मला राहवेना. चौलच्या एका मुलीने त्याच्याच आराखड्यावरून बनवलेली नवी डबी मी मागून आणली. सेन्सर माझ्या मुठीत धरला. चौतीस.

मग त्याच्या मुठीत दिला...

उणे अठरा.

मी घाबरून त्याचा हात धरला. हात चांगला गरम होता.